घरी बघितलेल्या सिनेमावर चार ओळी लिहायच्यात? मग अशी सुरुवात करा

परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली ताई तू सिनेमा बघून झाला की वहीत जे लिहितेस ना ते मला पण शिकव, मला "छान होता" च्या पुढे काही सुचतच नाही. सांगायला बसले तर अर्धा तास झाला तरी टीव्हीच्या सेटिंगवरच अडकलेलो आम्ही, मग म्हटलं नीट लिहूनच काढते, तिलाही होईल आणि अजून कोणाला सुरुवात करायची असेल तर त्यांनाही.

माझं सांगायचं तर मी कल्याणला राहते, रोज लोकलने ऑफिस, रात्री जेवणं आवरली की आठवड्यातून दोनदा घरात सिनेमा लागतो. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला लेक. सिनेमाचं शिक्षण वगैरे काही नाही. पण सात वर्षांत चार वह्या भरल्यात आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय, की तुमचं मत म्हणजे सिनेमातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवून "इथे, हे बघ" असं सांगता आलं पाहिजे. आणि ती जागा सापडायची असेल तर आधी सिनेमा नीट दिसला पाहिजे, नीट ऐकू आला पाहिजे. म्हणून सुरुवात टीव्हीपासूनच करूया.

पायरी १: टीव्ही नीट करा, एकदाच करायचंय

नवीन टीव्ही आणला की त्यात एक सेटिंग कंपनीकडूनच चालू असतं, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस, कंपनीप्रमाणे नाव बदलतं पण काम एकच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो आणि टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून घुसवतो. क्रिकेटला ते बरं दिसतं, पण सिनेमा लावला की सगळं एकदम गुळगुळीत आणि सिरियलसारखं दिसायला लागतं. आमच्याकडे वर्षभर ते तसंच चालू होतं आणि त्या वर्षातल्या माझ्या वहीत चार-पाच सिनेमांपुढे "सिरियलसारखा वाटला" असं लिहिलेलं आहे!! त्या सिनेमांवर मी अन्याय केला, नंतर त्यातले दोन परत बघितले आणि ओळ खोडली. तर पिक्चर सेटिंगमध्ये जा, मोशनचं जे काही असेल ते बंद करा. "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" नावाचा मोड असेल तर सरळ तो लावा, बहुतेक टीव्हीत त्याने हे आपोआप बंद होतं. रंग पहिले दोन दिवस पिवळट वाटतील, मग डोळ्याला सवय होते.

दुसरं म्हणजे आकार. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असायचे. प्रभातचा १९३६ चा संत तुकाराम घ्या, तो आजच्या रुंद टीव्हीवर ताणून लावला तर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा रुंद होतो आणि सगळी माणसं बुटकी दिसतात. झूम केला तर डोकी कापली जातात. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये "ओरिजिनल" किंवा "४:३" निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील ते येऊ द्या. सासूबाई आधी म्हणाल्या अगं एवढा मोठा टीव्ही घेतलाय आणि तू अर्धाच वापरतेस, पण मग दोन्ही प्रकारे लावून दाखवलं तर त्यांनाच पटलं. पागनीस आधी नाटकात स्त्रीभूमिका करायचे, त्यांच्या हाताच्या हालचाली किती हलक्या आहेत ते त्या नीट आकारातच दिसतं.

तिसरं आवाज, आणि ही तक्रार प्रत्येक घरात आहे, की संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की शेजारी उठतात. सिनेमाचा आवाज थिएटरमध्ये चहूबाजूंना लावलेल्या स्पीकरांसाठी वाटलेला असतो, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला. आपल्या टीव्हीला असतात दोन छोटे स्पीकर, तेही बऱ्याचदा भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे त्यात सगळं कोंबलं जातं आणि संवाद दबतो. ॲपमध्ये ऑडिओ निवडायची सोय असेल तर ५.१ (म्हणजे थिएटरसारखा बऱ्याच स्पीकरांचा आवाज) सोडून स्टिरिओ (म्हणजे दोन स्पीकरांचा) घ्या, टीव्हीत "क्लिअर व्हॉइस" सारखं काही असेल तर ते चालू करा, नाहीतर साधा इयरफोन. एकटी बघत असेन तर मी इयरफोनच लावते.

आणि टेलिग्रामवर आलेल्या कॉपीवरून कुठल्याही सिनेमाबद्दल मत बनवू नका. चोरीचं बघायचं नाही हे तर आहेच, पण त्यात रात्रीच्या सीनमध्ये काहीच दिसत नाही आणि आपण लिहून मोकळे होतो की कॅमेरा वाईट. टीव्हीवर जाहिरातींसकट बघितला असेल तर तेही वहीत लिहा कारण तिथे वेळेसाठी काटछाट होते. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की एका चॅनेलवर सिनेमा बघून मी लिहिलं, शेवट तुटक आहे, आणि नंतर ॲपवर बघितला तर मधला एक अख्खा सीन मी बघितलेलाच नव्हता.

पायरी २: दुपारीच ठरवा

रात्री साडेनऊला रिमोट घेऊन बसलं की पाऊण तास पोस्टर बघण्यातच जातो, मग कोणाला तरी झोप येते. दुपारी जेवताना ठरवा. आणि लांबी बघून ठरवा, हे फार महत्त्वाचं. सैराट जवळजवळ तीन तासांचा आहे, तो मंगळवारी रात्री दहाला लावला तर दुसरा भाग झोपेत जाणार आणि मग मत काय, तर "इंटरव्हलनंतर ढेपाळला". ढेपाळलो आपणच असतो. कोर्ट दोन तासांच्या आत संपतो, पण तो शांतपणे बघायचा सिनेमा आहे, त्याला शनिवारची रात्र द्या.

लहान मुलं असतील तर सर्टिफिकेट बघा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून यूए चे (म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे) तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, त्यामुळे आता जरा अंदाज येतो. जुन्या सिनेमांवर मात्र साधं यूएच असतं.

ट्रेलर बघू नका. आणि दुसऱ्या कोणाचं मत तर अजिबात वाचू नका, ते नंतर.

पायरी ३: बघताना

फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एवढं एक केलं तरी अर्धं काम झालं.

मध्ये थांबायचं असेल तर एकदाच, चहा-पाणी-बाथरूम सगळं त्यातच. आमच्याकडे पूर्वी दर दहा मिनिटांनी कोणीतरी पॉज म्हणायचं, आणि मग सिनेमा तुकड्या-तुकड्यात पोटात जायचा. घरी बघण्यात हाच मोठा फरक आहे ना, थिएटरमध्ये सिनेमाचा वेळ सिनेमाच्या हातात असतो, घरी तो आपल्या हातात येतो, आणि कधी कधी दिग्दर्शकाने मुद्दाम केलेली गोष्ट आपण रिमोटने मोडून टाकतो.

याचं एक उदाहरण देते, माझ्याच घरातलं. चैतन्य ताम्हाणेंचा कोर्ट लावला होता, एका म्हाताऱ्या शाहिरावर चाललेल्या खटल्याचा सिनेमा. त्यात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडद्यावर अंधार. नुसता अंधार, बराच वेळ. माझ्या नवऱ्याला वाटलं संपला, त्याने उठून ट्यूब लावली, लेकाने रिमोट घेतला, सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, आणि तेवढ्यात सिनेमा परत सुरू झाला. पुढे काय आहे ते मी सांगत नाही. पण त्या अंधारात जे बसून राहायचं होतं ते आम्ही घालवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीने तो भाग परत लावला, ट्यूब बंद, आणि त्या अंधारात बसले. तेव्हा कळलं, की ज्या खटल्यासाठी इतका वेळ आपण तारखांवर तारखा बघितल्या तो तसाच लटकत ठेवून ती खोली झोपी गेलीय, आत आपण एकटेच उरलोय. ट्यूबच्या उजेडात हे कसं कळणार होतं? त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, नावं पूर्ण वर जाईपर्यंत कोणी उठायचं नाही. ॲप लगेच पुढचा सिनेमा लावायला बघतं, तेही सेटिंगमधून बंद करून टाका.

बघताना लिहू नका. मी पहिल्या वहीत अंधारात खरडायचे, लिहिताना मान खाली जाते आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी कोणाकडे तरी बघतं.

पायरी ४: संपल्यावर दहा मिनिटं

आता वही काढा. साधी दोनशे पानी चालेल. वर तारीख, सिनेमाचं नाव, कशावर बघितला, कोणाबरोबर, मध्ये किती वेळा थांबलो. हे लिहिणं कंटाळवाणं वाटेल पण वर्षाने वाचताना हेच कामाला येतं.

मग तीन गोष्टी, फार विचार न करता: एक दृश्य जे डोळ्यासमोर आहे, एक चेहरा आणि एक आवाज. बस. मत अजून लिहायचं नाही. फँड्रीच्या पानावर माझ्याकडे असं आहे: "राष्ट्रगीत लागतं आणि डुकरामागे धावणारी सगळी माणसं जागच्या जागी उभी राहतात. किशोर कदमांची पाठ. हलगी." एवढंच. पण हे वाचलं की मला ती रात्र आठवते, माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो मी तसाच धरून बसले होते, राष्ट्रगीत संपेपर्यंत खाल्ला नाही. हे मी तेव्हा लिहिलं नव्हतं, आत्ता लिहितेय, पण आठवलं ते त्या तीन ओळींमुळे.

आवाज आवर्जून लिहा, तो लोक विसरतात. सैराटचा शेवट सगळ्यांना माहीत आहे तरी मी सांगणार नाही, फक्त एवढंच की अजय-अतुलच्या संगीताने भरलेल्या त्या सिनेमात शेवटी आवाजच काढून घेतलाय. आमच्या घरी तेव्हा फक्त फ्रिजचा घर्र असा आवाज येत होता आणि कोणी काही बोललं नाही.

पायरी ५: स्वतःला "कुठे?" विचारा

ही खरी पायरी. दुसऱ्या दिवशी करायची, मी सकाळच्या लोकलमध्ये करते.

आपण सगळे ठरलेले शब्द वापरतो. छान, बोअर, स्लो, ओव्हरॲक्टिंग, फोटोग्राफी भारी. यातला कुठलाही शब्द आला की लगेच विचारायचं, कुठे? कुठल्या सीनमध्ये? उत्तर सापडलं तर तो शब्द खोडून ते उत्तर लिहायचं. नाही सापडलं तर तो शब्दच खोडायचा.

लेकाने किल्ला हा सिनेमा बघून लिहिलं होतं, "मस्त आहे. फोटोग्राफी भारी. थोडा स्लो आहे." मी विचारलं स्लो कुठे? म्हणाला त्यातला तो मुलगा, चिन्मय, सारखा नुसता बघत उभा असतो. म्हटलं कुठे उभा असतो? तर आठवून सांगायला लागला, शाळेत, समुद्रापाशी, घरात आई काम करत असते तेव्हा. मग मी काही बोललेच नाही, भाजी निवडत होते ती निवडत राहिले. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, आई त्याचे बाबा गेलेत ना, आणि परत नवीन गाव, नवीन शाळा. तो कोणाशी बोलणार? मग त्याने खोडून लिहिलं: "चिन्मय कमी बोलतो कारण त्याला तिथे ओळखणारं कोणीच नाही. पाऊस पडताना तो किल्ल्यात एकटा राहतो तेव्हा मला पण भीती वाटली. पण मधे मधे मला कंटाळा आला." शेवटचं वाक्य त्याने ठेवलं आणि मी ते ठेवू दिलं, कारण त्याला कंटाळा आला होता हे खरंच आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ज्याच्यात कंटाळा आला त्याच सिनेमाला बर्लिनच्या फेस्टिवलमध्ये मुलांच्याच ज्युरीने क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलंय, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

"फोटोग्राफी भारी" चं पण तसंच. किल्लाचे दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच कॅमेरामन आहेत, त्यामुळे तिथे निसर्ग सुंदर दिसतो एवढं म्हणून भागत नाही, कोकण पावसात कोणाच्याही फोनमध्ये सुंदर दिसतं. बघायचं हे की तो पाऊस कोणाच्या डोळ्यांनी दिसतोय. तिथे तो पोराच्या उंचीवरून दिसतो, असं मला वाटलं.

"संथ" हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो म्हणून त्याबद्दल अजून थोडं. कोर्टमध्ये कॅमेरा लांब एका जागी ठेवलाय आणि तो हलतच नाही, बाजूचे लोक येतात जातात, दुसऱ्याच कुठल्या केसचं काहीतरी चालू असतं. पहिल्यांदा मलाही वाटलं हे कशाला दाखवतायत. पण कोर्टात कधी गेला असाल तर आठवा, आपला नंबर येईपर्यंत आपण तेच बघत बसतो. आणि त्या संथपणातच एक साक्ष येते, गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाची बायको सांगते की तो आधी खाली खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर आली तर उतरायचा, म्हणजे खाली हवा आहे. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते. मागे संगीत नाही, तिच्या डोळ्यांचा क्लोजअप नाही. झटपट कापलेल्या सिनेमात हे वाक्य आलं असतं आणि गेलं असतं, इथे ते माझ्या अंगावर आलं. आता हे सांगितल्यावर कोणी म्हटलं की मला तरीही संथ वाटला तर ठीक आहे, पण आधी तो अमुक सीन का असा आहे याचा विचार त्याने केलेला असतो.

पायरी ६: अभिनयाबद्दल लिहिताना

इथे घाई करू नका. "ओव्हरॲक्टिंग" लिहायच्या आधी बघा की माणूस मूळ रंगभूमीवरचा आहे का, सिनेमा कुठल्या काळचा आहे आणि प्रसंगच तसा मोठा आहे का. नटसम्राटचं उदाहरण आमच्या घरात कायम निघतं. शिरवाडकरांचं नाटक १९७० मध्ये धी गोवा हिंदू असोसिएशनने आणलं, श्रीराम लागूंनी बेलवलकर केले, आणि सासूबाईंनी ते प्रत्यक्ष बघितलंय. २०१६ चा नाना पाटेकरांचा सिनेमा लावला तर पहिली पंधरा मिनिटं त्या म्हणत होत्या, लागूंची सर नाही. मग मी विचारलं, तुम्ही कुठे बसला होतात? म्हणाल्या बाल्कनीत. बाल्कनीपर्यंत पोचायचं असेल तर नटाला आवाज आणि हात मोठे करावेच लागतात, आणि कॅमेरा तर नानांच्या नाकासमोर आहे, तिथे तेवढंच मोठं केलं तर? दोन वेगळी कामं आहेत ती. तर तुलना करायची असेल तर माणसाची करू नका, एखाद्या प्रसंगाची करा, तो तिथे कसा होता आणि इथे कसा आहे. सासूबाईंचं मत बदललं नाही, त्यांना लागूच आवडतात. पण नंतर त्या बराच वेळ त्या प्रयोगाबद्दल बोलत होत्या, आणि ते सगळं मी वहीत घेतलं कारण ते कुठेच लिहिलेलं मिळणार नाही.

उलट बाजूही आहे. ज्यांनी आधी कधी कॅमेरा बघितला नाही अशा माणसांना घेऊन केलेले सिनेमे असतात. फँड्रीतला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे त्याआधी नट नव्हता. कोर्टमधले शाहीर, वीरा साथीदार, मुळात कार्यकर्ते आणि विद्रोही मासिकाचे संपादक होते. अशा माणसाने एखादं वाक्य साधंच, न सजवता म्हटलं तर त्याला कच्चा अभिनय म्हणण्याआधी मी दोनदा विचार करते.

पायरी ७: घरातल्यांचं ऐका आणि त्यांचं नाव घाला

एकट्याने बघण्यात मजा आहे पण चार जणांत बघितलं की मत पक्कं होतं. कोर्टमध्ये सरकारी वकीलबाई आहे, गीतांजली कुलकर्णींनी केलेली. कोर्टात ती त्या म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध जुने कायदे धडाधड वाचून दाखवते आणि मला तिचा संताप येत होता. मग ती कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "ही पण घरी येऊन ओट्याशीच उभी गं." त्या एका वाक्याने माझ्या संतापाचं काय करायचं ते मला कळेना. मी पण संध्याकाळी लोकलनेच येते आणि ओट्याशीच उभी राहते. ती बाई दुष्ट वगैरे नाही, ती तिचं काम करतेय, आणि त्या कामातून एक माणूस तुरुंगात चाललाय. माझ्या वहीतलं कोर्टबद्दलचं सगळ्यात चांगलं वाक्य सासूबाईंचं आहे आणि तिथे कंसात "आई" असं लिहिलंय. दुसऱ्याचं निरीक्षण असेल तर त्याचं नाव घालाच.

पायरी ८: तपासा

आता बाकीच्यांची मतं वाचायला हरकत नाही. आणि नावं-सालं तपासून घ्या. सालाचा घोळ फार होतो, त्याचं कारण साधं आहे: सिनेमा आधी फेस्टिवलला जातो आणि थिएटरला नंतर येतो. फँड्री २०१३ चा पण थिएटरला आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. कोर्टला व्हेनिसला बक्षीस मिळालं २०१४ मध्ये, आपल्याकडे लागला एप्रिल २०१५ मध्ये. श्वासला राष्ट्रीय पुरस्कार २००३ सालासाठी आहे आणि लोकांनी बघितला २००४ ला. म्हणून मी "थिएटरला आला" असं स्पष्ट लिहिते, म्हणजे वाद होत नाही.

बक्षिसावरून मत ठरवू नका, पण बक्षीस कसलं ते नीट लिहा. "ऑस्करला गेला" म्हणजे भारताकडून पाठवला गेला, श्वास, हरिश्चंद्राची फॅक्टरी, कोर्ट हे तिघेही असेच पाठवलेले. नामांकन मिळणं ही त्याच्या पुढची गोष्ट आणि ते यातल्या कोणालाच मिळालेलं नाही. हे दोन्ही एकच समजून लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलंय.

पायरी ९: आता लिहा

दीडशे-दोनशे शब्द पुरेत. गोष्ट सांगत बसू नका, दोन वाक्यांत कोण आहे आणि अडचण काय आहे एवढंच. मग तुमची ती जागा, म्हणजे जो सीन तुम्ही धरलाय तो, नीट सांगा. मग त्यामुळे तुम्हाला काय वाटलं. मग जे खटकलं ते, तेही जागेसकट. कसा बघितला ते एका वाक्यात घाला.

रहस्य असेल तर अर्ध्यानंतरचं काही सांगू नका. जुना सिनेमा असला तरी नाही, कारण आज पहिल्यांदा बघणारा कोणीतरी असतोच, माझ्या लेकासाठी १९८८ ची अशी ही बनवाबनवी पण एके दिवशी नवीनच होती आणि पुढे काय होणार या काळजीने तो सोफ्यावर उभा राहिला होता.

स्टार देऊ नका असं माझं मत. पहिल्या वहीत मी द्यायचे, आता बघते तर संत तुकारामला साडेतीन आणि कुठल्याशा विनोदी सिनेमाला चार, ज्याचं मला आज नावाखेरीज काहीही आठवत नाही. आकडा लिहिला की पुढे लिहावंसंच वाटत नाही.

जे सिनेमे पाठ आहेत त्यांचं काय?

हा प्रश्न मावसबहिणीनेच विचारला. बनवाबनवी आपल्याकडे लोकांना संवादांसकट पाठ आहे, त्यावर काय मत लिहिणार? त्यासाठी मी एक युक्ती करते. जो बोलतोय त्याच्याकडे बघायचं नाही, जो गप्प आहे त्याच्याकडे बघायचं. अशोक सराफ बोलत असताना लक्ष्मीकांत बेर्डे काय करतायत ते बघा, आणि बेर्डे बोलत असताना सराफांचे डोळे बघा. तीस वेळा बघितलेल्या सीनमध्ये मला या युक्तीने नवीन गोष्टी सापडल्यात. लक्षात येतं की आपण हसतो ते वाक्यावर जेवढं, तेवढंच समोरच्याने ते ऐकून जे केलं त्यावर. सचिन पिळगावकरांनी, म्हणजे दिग्दर्शक म्हणून, कितीतरी ठिकाणी दोघं-तिघं एकाच चौकटीत ठेवलेत म्हणून हे दिसतं. ही युक्ती करून झाली की मी जुन्या नोंदीच्या खाली नवीन तारीख घालून लिहिते, जुनं खोडत नाही.

सुरुवातीला कुठला घ्यायचा असं विचाराल तर किल्ला घ्या, लांबी कमी आहे, मुलांबरोबर बघता येतो आणि "कुठे?" ला भरपूर उत्तरं आहेत. मग श्वास. कोर्ट तिसरा किंवा चौथा ठेवा, आणि तो लावाल तेव्हा अंधार झाला तरी ट्यूब लावू नका.